सुशीचं बिल किती येतं? पुण्या-मुंबईत जेवायला बसण्याआधी

हिंगोली जिल्ह्यातल्या जवळा बाजारात सुशी मिळत नाही. तरीही ही माहिती जवळेकरांसाठीच लिहितो आहे. इथल्या कितीतरी घरांतली पोरं आज हिंजवडीत, खराडीत, ठाण्यात, नवी मुंबईत नोकरीला आहेत. आई-वडील दवाखान्याच्या कामानं जातात, नातवंडाच्या बारशाला जातात, दिवाळीनंतर चार दिवस राहायला जातात. मग एखाद्या संध्याकाळी लेक म्हणते, "आई, अण्णा, आज सुशी खायला जाऊ." आई हळूच विचारते, "किती लागतील गं?" लेक म्हणते, "तू राहू दे ना." विषय तिथंच संपतो, आणि पुढं जेवणभर अण्णांचं लक्ष ताटाऐवजी मेन्यूच्या उजव्या बाजूच्या आकड्यांवर असतं.

"किती लागतील" हा प्रश्न अगदी बरोबर आहे. तो हॉटेलात शिरण्याआधी विचारावा आणि त्याचं उत्तर घरातल्या सगळ्यांना माहीत असावं. म्हणून आधी उत्तरच देतो. पुण्या-मुंबईच्या साध्या, गडबडीच्या सुशी रेस्टॉरंटमध्ये चौघांचं पोटभर जेवण, मद्य न घेता, साधारण अडीच ते चार हजारांत होतं. तेच पंचतारांकित हॉटेलात केलं तर दुप्पट, तिप्पट, कधी त्याहूनही जास्त. आणि महाग ठिकाणी पहिल्यांदा सुशी खाणाऱ्याला त्या जादा पैशांतला फरक जिभेला कळेल, याची शाश्वती नाही.

पैसे नेमके कशाचे

सुशीचा आत्मा भात आहे, मासा नव्हे. आखूड दाण्याचा, चिकट तांदूळ शिजवून त्यात व्हिनेगर, साखर आणि मीठ कालवतात. आपल्याकडचा इंद्रायणीचा भात ज्यानं खाल्लाय त्याला तो चिकटपणा ओळखीचा वाटेल. या भाताबरोबर काकडी, अव्हाकाडो, कोळंबी, चिकन, कच्चा किंवा शिजवलेला मासा असं काहीही येऊ शकतं. समुद्री शेवाळाच्या काळपट हिरव्या कागदासारख्या पापुद्र्यात, म्हणजे नोरीत, गुंडाळून कापलेले तुकडे म्हणजे माकी. भात बाहेर आणि नोरी आत असेल तर उरामाकी. भाताच्या मुटक्यावर माशाची चकती ठेवली की निगिरी. भाताशिवाय नुसत्या कच्च्या माशाच्या चकत्या म्हणजे साशिमी, आणि ती खरं तर सुशी नव्हेच, पण त्याच मेन्यूवर असते आणि सहसा सगळ्यात महाग असते.

साधारण भाव असे धरून चाला. काकडीची साधी माकी, सहा-आठ तुकडे, २५० ते ४०० रुपये. अव्हाकाडोचा किंवा भाज्यांच्या टेम्पुराचा (म्हणजे पातळ पिठात बुडवून तळलेल्या भाज्यांचा) आठ तुकड्यांचा रोल ४०० ते ६००. कोळंबी किंवा चिकनचा ४५० ते ७००. कच्च्या सॅल्मनचा किंवा ट्यूनाचा ६०० ते ९००. निगिरीचे दोन नग ३५० ते ६००. भाग, भाडं आणि झगमगाट यानुसार हे आकडे खाली-वर होतील, पण त्यांची चढण सगळीकडे अशीच असते: भाजी, मग शिजवलेलं मांस-मासे, मग कच्चा मासा.

कच्चा मासा महाग का, हे एकदा समजलं की मेन्यू वाचणं सोपं जातं. सुशीतला नारिंगी सॅल्मन बहुतेक नॉर्वेसारख्या थंड देशांतल्या मत्स्यशेतीतून विमानानं येतो, आणि वाटेत कुठंही त्याची थंडी मोडून चालत नाही. गंमत अशी की जपानी लोकसुद्धा पूर्वी सॅल्मन कच्चा खात नसत. १९८० च्या दशकात नॉर्वेनं आपला शेतीतला सॅल्मन जपानमध्ये खपवण्याची मोठी मोहीम चालवली आणि तिथून तो सुशीवर चढला. म्हणजे ज्या तुकड्यासाठी आपण सर्वांत जास्त मोजतो, तो काही शेकडो वर्षांच्या परंपरेचा भाग नाही. आपल्या कोकण किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, पण या आयात माशाला त्याचा फरक पडत नाही. त्यामुळं "पावसाळा आहे म्हणून दर जास्त" असं कुणी सांगितलं तर ते मनावर घेऊ नका. काही मेन्यूंवर 'इंडियन सॅल्मन' लिहिलेलं असतं. तो आपला रावस. मासा चांगलाच आहे, पण वेगळा आहे, आणि त्याला नॉर्वेच्या सॅल्मनचा भाव देण्याचं कारण नाही.

कॅलिफोर्निया रोलचंही असंच. त्यात खेकडा आहे असं लिहिलेलं असतं, पण साध्या रेस्टॉरंटमध्ये बहुतेक वेळा ती पांढऱ्या माशाच्या लगद्यापासून, म्हणजे सुरिमीपासून, बनवलेली आणि वरून लाल रंग दिलेली कांडी असते. यात फसवणूक नाही, जगभर असंच चालतं. रत्नागिरीची गद्रे मरीन ही कंपनी सुरिमी आणि अशा कांड्या बनवून परदेशात पाठवते. पण खेकड्याच्या नावाखाली दर चढवला असेल तर "खरा खेकडा की कांडी?" असं विचारा. उत्तर कांडी असेल तर तो रोल चिकनच्या रोलपेक्षा महाग असायला नको.

आणि एडामामे. वाटीभर उकडलेल्या, मीठ भुरभुरलेल्या हिरव्या शेंगा, २५० ते ३५० रुपये. या सोयाबीनच्या कोवळ्या शेंगा आहेत. औंढा, वसमत, कळमनुरी, सेनगाव, हिंगोली या पाचही तालुक्यांतल्या शिवारात खरिपात जे पीक डोलतं, तेच. जात वेगळी असते, दाणा टपोरा आणि गोडसर असतो आणि शहरात तो बहुधा गोठवलेला येतो, एवढाच फरक. २०२५-२६ च्या हंगामासाठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये आहे, म्हणजे किलोला त्रेपन्न. टेबलावर ती वाटी आली की आपल्याकडच्या शेतकऱ्याच्या मनात काय येईल ते मला सांगायला नको. माझं मत स्पष्ट आहे: चव घ्यायची म्हणून चौघांत एक वाटी मागवा, दुसरी नको. सोया सॉस, टोफू, मिसो हे सगळं याच पिकाचं आहे, ही गोष्ट मात्र नातवंडांना तिथंच टेबलावर सांगण्यासारखी आहे.

जपानात हे गरिबाचंही जेवण आहे

आपल्याकडं सुशीला श्रीमंती वलय आहे, म्हणून हे सांगणं भाग आहे. १९५८ मध्ये ओसाकाजवळ योशिआकी शिराइशी यांनी गेनरोकु सुशी नावाचं दुकान फिरत्या पट्ट्यावर सुरू केलं. बिअरच्या कारखान्यात बाटल्या पट्ट्यावरून सरकताना पाहून त्यांना ही कल्पना सुचली. गिऱ्हाईक पट्ट्याशेजारी बसतं, समोरून जाणारी बशी उचलतं, शेवटी बशा मोजून पैसे देतं. कामगार, विद्यार्थी, लेकरंबाळं घेऊन आलेली कुटुंबं यांना परवडावं म्हणूनच ही सोय होती. सुशिरो या मोठ्या साखळीनं ऑक्टोबर २०२२ मध्ये सर्वांत स्वस्त बशी ११० येनवरून १२० येनवर नेली, तर त्याची देशभर बातमी झाली. १२० येन म्हणजे आपले सत्तर रुपयांच्या आसपास, आणि बशीत सहसा दोन नग. तिथं टीप देत नाहीत. बसून खाल्लं तर १० टक्के कर, बांधून नेलं तर ८ टक्के.

आपल्याकडं त्याच दोन नगांना चारशे पडतात, कारण तांदूळ, नोरी, मासा, व्हिनेगर यांतलं बरंच काही बाहेरून येतं आणि खपही कमी असतो. हा फरक हॉटेलवाल्याच्या लोभाचाच आहे असं नाही. पण यातून एक गोष्ट पक्की होते: सुशी खायला कोट-टाय, काटेकोर रीतिरिवाज, दबलेला आवाज यांची गरज नाही. निगिरी हातानं खाल्ली तर जपानातही कुणी नावं ठेवत नाही. काड्या जमत नसतील तर सरळ काटा मागा.

ठिकाण कसं निवडायचं

मुंबईत २००४ मध्ये ताजमहाल पॅलेसमध्ये 'वसाबी बाय मोरिमोटो' सुरू झालं, ते एक टोक. वांद्र्यातली 'इझुमी', 'कोफुकू' ही जपानी जेवणासाठी ओळखली जाणारी ठिकाणं. 'सुशी अँड मोर'सारखे लोक प्रामुख्यानं घरपोच देतात. पुण्यात जपानी कंपन्यांमुळं चाकण-रांजणगावच्या बाजूला येणारे जपानी इंजिनीअर, सिंहगड रस्त्यावरची ओकायामाच्या बागेच्या धर्तीवर केलेली पु. ल. देशपांडे उद्यानातली जपानी बाग, शहरात अनेक वर्षं चालत आलेले जपानी भाषेचे वर्ग, असा जपानशी जुना घरोबा आहे. तिथं निव्वळ जपानी जेवण देणारी ठिकाणं आहेत आणि चायनीज-थाईसोबत चार रोल ठेवणारी त्याहून जास्त.

पहिल्यांदा जाणाऱ्या कुटुंबासाठी मी दोन गोष्टी सगळ्यात आधी बघेन. एक, सुशीचा ओटा समोर दिसतो का. तिथं माणूस बांबूच्या छोट्या चटईवर नोरी पसरतो, हाताला पाणी लावून भात पसरवतो, मधोमध काकडी ठेवतो, चटई दाबत गुंडाळतो आणि ओल्या फडक्यानं पुसलेल्या सुरीनं एका झटक्यात तुकडे पाडतो. हे दिसत असेल तर भात आताच हाताळलेला आहे आणि नोरी कुरकुरीत आहे याची खात्री होते. आधी करून फ्रीजमध्ये ठेवलेल्या रोलची नोरी चामट होते आणि भात कडक. दोन, मेन्यू छोटा असावा. दोन-तीन पानांत सुशी, दोन-चार गरम पदार्थ, एवढंच असलं की माल लवकर खपतो. पिझ्झा, बिर्याणी, मोमो आणि त्याच पानावर सॅल्मन निगिरी असेल, तर तिथं कच्चा मासा घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे. भाजीचा रोल घ्या, हरकत नाही.

जागा आरक्षित करणारी अ‍ॅपं हल्ली भरपूर सवलती दाखवतात. त्यांत कधी टेबलासाठी आगाऊ रक्कम घेतात आणि ती बिलातून वजा होते की नाही, हे बारीक अक्षरात असतं. फोन करून विचारणं जास्त सोपं. फोनवरच विचारा: मेन्यूवरचे दर करासहित आहेत का, सेवाशुल्क लावता का, रोल चार तुकड्यांचा मिळतो का. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर "हो" आलं तर निम्मं काम झालं. चार तुकड्यांचा रोल २८० आणि आठचा ४८० असेल, तर तुकडा सत्तरऐवजी साठला पडतो. पण आवडेल की नाही याचाच पत्ता नसताना दहा रुपये जास्त मोजून छोटा रोल घेणं शहाणपणाचं आहे. आवडला की मग मोठा मागवा.

'अनलिमिटेड सुशी'च्या पाटीला पहिल्या खेपेला भुलू नये. समजा माणशी १,५०० रुपये आणि वर कर. साठ रुपयांच्या तुकड्याच्या हिशेबानं ते वसूल व्हायला पंचवीस तुकडे खावे लागतात. व्हिनेगरच्या भातानं पोट लवकर भरतं. दहा-बारा तुकड्यांनंतर भल्याभल्यांचा हात थांबतो. शिवाय पानात उरलं तर काही ठिकाणी दंड असतो, तोही आधी विचारावा.

ज्वारीच्या भाकरीवर वाढलेल्या माणसाचं नुसत्या रोलांवर पोट भरत नाही, हे उघड आहे. चौघांसाठी चार-पाच रोल मागवण्याऐवजी तीन रोल आणि दोन गरम वाडगे (नूडल्स, तळलेल्या भाज्यांचा भात, जपानी करी) घ्या. जपानी करी गोडसर आणि दाट असते, लहान लेकरांना ती हमखास आवडते.

माळकरी घरासाठी

हा भाग मी मुद्दाम सविस्तर लिहितो आहे. संत नामदेवांचं नर्सी आपल्याच जिल्ह्यात. घराघरांत माळ आहे. आणि जपानी जेवणात मासा जिथं दिसत नाही तिथंही असतो.

दाशी नावाचं एक पाणी या सगळ्या स्वयंपाकाचा पाया आहे. ते बहुधा वाळवलेल्या बोनिटो माशाच्या पातळ कपच्या आणि समुद्री शेवाळ उकळून करतात. मिसो सूप दिसायला डाळीच्या वरणाच्या निवळीसारखं, वर टोफूचे तुकडे, पण खाली दाशी. टेम्पुऱ्याबरोबर येणाऱ्या तपकिरी सॉसमध्येही दाशी. तळलेल्या टोफूच्या पिशवीत भात भरलेली इनारी ही बघताक्षणी शाकाहारी वाटते, पण ती पिशवी अनेकदा दाशीतच शिजवतात. पोन्झू सॉसमध्येही बोनिटो असू शकतो. रोलवर भुरभुरलेले नारिंगी मणी माशाची अंडी असतात. पांढरा सॉस बहुतेक वेळा अंड्याचा मेयोनेज असतो आणि टेम्पुऱ्याच्या पिठातही अंडं असू शकतं.

म्हणून "व्हेज आहे ना?" एवढ्यावर थांबू नका. वेटरला नव्हे, शक्यतो ओट्यावरच्या माणसाला विचारा: "सूपच्या पाण्यात मासा आहे का? सॉसमध्ये? पिठात अंडं?" शेवाळाची शाकाहारी दाशी करता येते आणि चांगली ठिकाणं ती ठेवतात. भाजीचा रोल वेगळ्या पाटावर, वेगळ्या सुरीनं कापून द्यायलाही सांगा, बरेच जण आनंदानं करतात. मुंबई-पुण्यात कांदा-लसणाशिवायचे जैन रोलही मिळतात. काकडी, अव्हाकाडो, शतावरी यांचे रोल माळकऱ्यानं निर्धास्त खावेत, पण वरचा सॉस काढून. एकादशीला मात्र जाऊच नका. आपल्याकडं त्या दिवशी भात चालत नाही, आणि सुशीत भाताशिवाय काही नाही. तारीख ठरवताना पंचांग बघा.

मद्य वर्ज्य असणाऱ्या घरांसाठी आणखी एक. तेरियाकी सॉसमध्ये मिरिन असतं, तांदळापासूनचं गोड मद्य. काही ठिकाणी भाताच्या व्हिनेगरमध्येही थोडं घालतात. आपल्या गावातल्या मुसलमान कुटुंबांनी आणि ज्यांच्या घरात दारू शिवत नाही अशा सगळ्यांनी तेही विचारून घ्यावं. गव्हाची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांसाठी: नेहमीच्या सोया सॉसमध्ये गहू असतो.

कच्चा मासा कुणी खाऊ नये

गरोदर बाईनं नाही. लहान मुलांनी नाही. कर्करोगाचे उपचार चालू असलेल्यांनी, किडनीच्या रुग्णांनी, फार थकलेल्या म्हाताऱ्या माणसांनी नाही. डॉक्टर हेच सांगतात आणि यात सूट नसते. पुण्याला दवाखान्याच्या निमित्तानं गेलेल्या घरात निम्मी माणसं याच यादीत बसतात, म्हणून हे अधोरेखित करतो. शिजवलेली कोळंबी, चिकन, भाजी त्यांना चालेल, तीही ताजी केलेली असेल तर. मधुमेहींनी भातातली साखर लक्षात घ्यावी.

कच्च्या माशात कृमी असू शकतात. त्या मरण्यासाठी मासा उणे २० अंशांवर सात दिवस, किंवा उणे ३५ अंशांवर पंधरा तास गोठवावा, असं अमेरिकेचं अन्न व औषध प्रशासन सांगतं. घरच्या फ्रीजच्या वरच्या कप्प्यावर त्यासाठी विसंबता येत नाही. म्हणून बाजारातून मासा आणून यूट्यूबवर पाहून कच्चा खाण्याचा प्रयोग करू नका. 'सुशी ग्रेड' ही पाटी कुठल्या सरकारी तपासणीची मोहोर नव्हे, दुकानदार आपल्या मालाला तसं म्हणतो इतकंच. प्लेट समोर आली की वास घ्या. ताज्या माशाला वास जवळजवळ नसतो. आंबूस किंवा उग्र वास आला तर न खाता परत करा, संकोच करू नका.

हिरवी वसाबी बहुतेक ठिकाणी खरी वसाबी नसते, युरोपातलं तिखट मूळ, मोहरी आणि हिरवा रंग यांचं मिश्रण असतं. तिळाएवढी घ्या. आपली तिखटाची सवय तिथं उपयोगी पडत नाही, कारण झणका जिभेला नाही, नाकात बसतो. आल्याच्या गुलाबी चकत्या दोन घासांच्या मध्ये खायच्या असतात, त्यांचे पैसे लागत नाहीत.

आता बिल

एक नमुना मांडतो. चौघं जण. भाजीचे दोन रोल, ४२० प्रमाणे ८४०. कोळंबीचा एक ५२०. सॅल्मन निगिरीचे दोन नग ४५०. एडामामे २८०. गरम वाडगे दोन, ४२० प्रमाणे ८४०. बेरीज २,९३०. साध्या रेस्टॉरंटला जीएसटी ५ टक्के, अडीच केंद्राचा आणि अडीच राज्याचा, म्हणजे १४६ रुपये ५० पैसे. एकूण ३,०७६ रुपये ५० पैसे. इथं बिल संपायला हवं.

आता त्यात कुणी १० टक्के सेवाशुल्क घातलं तर २९३ रुपये वाढतात, आणि जीएसटी त्या शुल्कावरही लागतो. एकूण होतं ३,३८४ रुपये १५ पैसे. तीनशे आठ रुपयांचा फरक. त्यात आणखी एक माणूस जेवला असता असं नाही, पण रात्रीची घरी जायची रिक्षा नक्की झाली असती.

सेवाशुल्क सक्तीचं नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ४ जुलै २०२२ ला तशी मार्गदर्शक तत्त्वं काढली, हॉटेलचालकांच्या संघटना त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या, आणि २८ मार्च २०२५ ला न्यायालयानं प्राधिकरणाच्या बाजूनं निकाल दिला. बिलात ते आपोआप लावता येत नाही, दुसऱ्या नावानंही नाही. वाढणाऱ्या मुलानं मनापासून केलं असेल तर त्याच्या हातात शंभर-दोनशे अवश्य ठेवा. ते तुमच्या राजीखुशीचं.

दिवसाला ७,५०० रुपयांहून जास्त भाड्याच्या खोल्या असणाऱ्या मोठ्या हॉटेलांतल्या रेस्टॉरंटला जीएसटी ५ नव्हे तर १८ टक्के लागू शकतो. तिथं मेन्यूवरचा दर आधीच चढा आणि वर हा कर. उलट, कंपोझिशन योजनेतलं छोटं दुकान असेल तर त्याला गिऱ्हाइकाकडून जीएसटी वेगळा घेताच येत नाही, आणि तसं बिलावर लिहिणं त्याला बंधनकारक आहे. मद्यावर जीएसटी नाही, व्हॅट लागतो. दोन्ही एकत्र बेरजेत घालून सगळ्यावर एकच कर लावला आहे का, तेवढं बघा.

पाण्याच्या बाटलीबद्दल लोकांचा गैरसमज आहे. रेस्टॉरंटमध्ये छापील किमतीपेक्षा जास्त घेणं बेकायदा आहे असं अनेकांना वाटतं. सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०१७ मध्ये तसं घेता येतं असा निकाल दिला आहे. त्यामुळं बसल्याबसल्या "साधं फिल्टरचं पाणी आणा" असं आधीच सांगा. बाटली उघडल्यावर वाद घालून उपयोग नाही.

घरी मागवायची असेल तर पॅकिंगचे पैसे, अ‍ॅपचं शुल्क आणि पोहोचवण्याचं भाडं धरून दुकानातल्या दराच्या दीडपटीपर्यंत जाऊ शकतं. भात वाटेत कडक होतो. फ्रीजमध्ये तर ठेवूच नका, आणि कच्चा मासा असलेली सुशी दुसऱ्या दिवशी सकाळी खाऊ नका.

बिलावर हॉटेलचा १४ अंकी एफएसएसएआय क्रमांक असायला हवा. तो नसेल, किंवा सेवाशुल्क काढायला नकार दिला, तर भांडू नका. पैसे भरा, बिलाचा आणि मेन्यूचा फोटो काढा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर फोन करा. मराठीत बोला. त्यानंही काम झालं नाही तर तक्रार पुण्याला जाऊन करायची गरज नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार तक्रारदार जिथं राहतो तिथल्या जिल्हा आयोगाकडं दाद मागता येते. हॉटेल कोरेगाव पार्कचं असो की वांद्र्याचं, जवळा बाजारच्या माणसानं हिंगोलीच्या जिल्हा आयोगात अर्ज करायचा. पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला फी नाही, आणि मुदत दोन वर्षांची आहे.